धरावं काय, सोडावं काय: ताब्याच्या चार तऱ्हा

साठीच्या एका मधुमेही गृहस्थांचा रिपोर्ट येतो: एचबीए१सी ८.६. म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली साखरेची सरासरी बरीच वर आहे. डॉक्टर एक गोळी वाढवतात, चालायला सांगतात आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासू म्हणतात. हाच रिपोर्ट चार घरांत गेला असं धरू.

पहिल्या घरातले काका दुसऱ्याच दिवशी वारांची नावं असलेली गोळ्यांची डबी आणतात, रात्रीचा भात एका वाटीवर आणतात आणि जेवण झालं की सोसायटीतच २० मिनिटं फेऱ्या मारतात. दुसऱ्या घरातले काका दिवसातून सात-आठ वेळा बोट टोचतात. १४० चे १५२ झाले की जेवणच टाळतात, लग्नकार्याला जाणं बंद करतात, आणि ग्लिमेपिराइडसारखी साखर खाली आणणारी गोळी घेऊन उपाशी राहिल्यामुळे एका संध्याकाळी साखर ७० च्या खाली जाऊन घामाघूम होऊन खाली बसतात. तिसऱ्या घरात ऐकू येतं, "वडिलांना होता, मला होणारच होता." तिथे गोळी आठवली तर घेतली जाते. चौथे काका गोळी वेळेवर घेतात, पण मुख्य म्हणजे हा आजार आता कायमचा सोबती आहे हे त्यांनी पचवलेलं असतं. एखाद्या दिवशी आकडा चढला तर तो वहीत लिहितात आणि पेपर वाचायला बसतात.

वरवर पाहता पहिले दोघं पकडणारे आणि शेवटचे दोघं सोडणारे. मनाच्या स्वास्थ्याच्या हिशेबात मात्र जोड्या वेगळ्या लागतात: पहिला आणि चौथा एका बाजूला, दुसरा आणि तिसरा दुसऱ्या बाजूला.

'जितका ताबा, तितकं बरं' हे अर्धंच खरं

ज्युलियन रॉटर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यात विधानांच्या २९ जोड्या होत्या. त्यातल्या ६ नुसत्या भरीच्या, उत्तर देणाऱ्याला चाचणीचा रोख कळू नये म्हणून घातलेल्या. प्रत्येक जोडीत साधारण एक विधान 'माझ्या करण्याने फरक पडतो' अशा अर्थाचं आणि दुसरं 'नशीब, योग, वरचे लोक ठरवतात' अशा अर्थाचं. सूत्रं आपल्याकडे आहेत असं मानणारी माणसं सरासरीने कमी खचलेली दिसतात, हे पुढे अनेक अभ्यासांत आढळलं. त्यातून एक सोपा उपदेश निघाला आणि तो अजून प्रेरणादायी भाषणांत चालतो: ताबा घ्या, आयुष्य बदलेल.

यातली पहिली गफलत हॅना लेव्हन्सन यांनी १९७० च्या दशकात दाखवली. 'सूत्रं बाहेर आहेत' या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्या होत्या. एक, सगळं नशिबावर आहे. दोन, सगळं बलवान माणसांच्या हातात आहे. आपल्याकडच्या भाषेत, 'योग नव्हता' आणि 'साहेबांची मर्जी नव्हती'. कंत्राटी कामगार जेव्हा दुसरं वाक्य बोलतो, तेव्हा ते पुष्कळदा परिस्थितीचं अचूक वर्णन असतं. त्याला मनाचा दोष म्हणणं अन्यायाचं.

दुसरी गफलत उलट बाजूची. ताबा नसतानाही असल्यासारखं वाटतं, आणि छान वाटतं. एलेन लँगर यांनी १९७५ मध्ये एका डॉलरची लॉटरीची तिकिटं विकली. काहींना तिकीट स्वतः निवडू दिलं, काहींना नुसतं हातात दिलं. नंतर 'हे तिकीट किती डॉलरला विकाल' अशा धर्तीचा प्रश्न विचारला. दिलेलं तिकीट लोक सरासरी १.९६ डॉलरला सोडायला तयार होते. निवडलेल्या तिकिटासाठी त्यांनी ८.६७ डॉलर मागितले. बक्षीस लागण्याची शक्यता दोन्हीकडे तेवढीच होती.

चार तऱ्हा

हा गुंता सगळ्यात नीट सोडवला तो कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेतले मानसशास्त्रज्ञ डीन शापिरो यांनी. त्यांची प्रश्नावली १८७ प्रश्नांची आहे. ती 'तुमच्याकडे ताबा किती' एवढ्यावर थांबत नाही. ताबा आहे असं किती वाटतं, तो किती हवा आहे, तो स्वतःकडून येतो की दुसऱ्या कुणाकडून, आणि तो मिळवायला माणूस कुठली तऱ्हा वापरतो, हे सगळं ती वेगवेगळं मोजते.

तऱ्हा चार. आपण त्यांना घरगुती नावं देऊ. कंबर कसणं: बदलता येण्यासारखं बदलायला ठरवून, मापात हात घालणं. सोडून देणं: बदलणार नाही ते समजून-उमजून स्वीकारणं, किंवा विश्वासाच्या माणसावर सोपवणं. आवळणं: नको तिथे, नको तितका लगाम खेचणं. हातपाय गाळणं: जे करता आलं असतं तेही न करणं. पहिल्या दोन्ही निरोगी, दुसऱ्या दोन्ही त्रासाच्या. आवळणं ही कंबर कसण्याचीच बिघडलेली आवृत्ती आहे आणि हातपाय गाळणं ही सोडून देण्याची. म्हणूनच ती बाहेरून ओळखू येत नाहीत. आवळणारा स्वतःला शिस्तीचा समजतो, हातपाय गाळलेला स्वतःला समाधानी म्हणवतो.

प्रश्नावलीतला आणखी एक भाग फार कामाचा आहे: ताबा किती हवा आणि किती वाटतो यातलं अंतर. दोन माणसांचा ताबा सारखाच, समजा बेताचा. एकाला तेवढाच पुरतो, दुसऱ्याला सगळं आपल्या हातात लागतं. त्रास दुसऱ्याला. त्यामुळे उपायही दोन दिशांनी जातो, ताबा वाढवून किंवा भूक कमी करून. स्तनांच्या कर्करोगाच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या स्त्रियांवर शापिरो यांच्यासोबत काम करणाऱ्या संशोधकांनी केलेला १९९९ चा अभ्यास याच दिशेने बोट दाखवतो: उपचारात सक्रिय राहणं आणि न बदलणाऱ्या भागाचा स्वीकार, या दोहोंचा तोल साधणं आजाराशी जुळवून घ्यायला उपयोगी पडतं.

तऱ्हा आणि प्रसंग जुळतात का

१९७९ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात अपघात झाला. आसपासच्या लोकांना पुढे कित्येक महिने किरणोत्साराची धास्ती होती आणि सामान्य माणसाला करता येण्यासारखं जवळजवळ काहीच नव्हतं. संशोधकांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं की 'प्रश्न सोडवायला' सतत धडपडणाऱ्यांना ताणाची लक्षणं जास्त होती, आणि मनाला सांभाळण्यावर, परिस्थितीकडे बघण्याची नजर बदलण्यावर भर देणाऱ्यांना कमी. एरवी कामाची ठरणारी कंबर कसण्याची सवय इथे भिंतीवर डोकं आपटण्यासारखी झाली.

उलट टोकाचं उदाहरण कनेक्टिकटमधल्या वृद्धाश्रमाचं. लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी १९७६ मध्ये एका मजल्यावरच्या वृद्धांना सांगितलं, खोली कशी लावायची ते तुम्ही ठरवा, सिनेमा कुठल्या रात्री बघायचा ते ठरवा, आणि हे रोप घ्या, याला पाणी तुम्ही घालायचं. दुसऱ्या मजल्यावरही रोप दिलं, पण पाणी परिचारिका घालणार. तीन आठवड्यांत पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त उत्साही आणि जास्त सावध दिसू लागली. दीड वर्षाने पहिल्या गटातल्या ४७ पैकी ७ जण वारले होते, दुसऱ्यातल्या ४४ पैकी १३. हा आकडा फार गाजला. माणसं थोडी होती आणि पुढे संशोधकांनीच आकडेमोडीत दुरुस्ती छापली, त्यामुळे मृत्यूंबद्दलचा दावा जपूनच घ्यावा. उत्साहाबद्दलचा भाग त्या मानाने भक्कम आहे.

याच्या शेजारी रिचर्ड शुल्झ यांचा प्रयोग ठेवला पाहिजे, पण तो कुणी फारसा सांगत नाही. त्यांनी वृद्धांना कॉलेजमधली मुलं भेटायला पाठवली. काही वृद्धांना भेट कधी आणि किती वेळ हे स्वतः ठरवता येत होतं, काहींना निदान आधी कळत होतं. हे दोन्ही गट सुधारले. मग प्रयोग संपला, मुलं यायची थांबली. पुढच्या पाहणीत हेच दोन गट जास्त खालावलेले आढळले. ताबा देऊन काढून घेणं हे न देण्याहून वाईट ठरू शकतं. घरातल्या आजोबांना 'भाजी आता तुम्हीच आणा' म्हणायचं आणि आठवड्यात मेथी चांगली नाही म्हणून पिशवी काढून घ्यायची, हा त्याचा रोजचा अवतार.

मेंदूतली बाजू थोडक्यात. १९६७ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांना दिसलं की टाळता न येणारे विजेचे धक्के खाल्लेले कुत्रे पुढे सुटका शक्य असूनही पडून राहतात. तेव्हा अर्थ लावला गेला, 'ते हतबलता शिकले.' जवळजवळ ५० वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याच दोघांनी तो अर्थ उलटा केला. लांबलेल्या त्रासापुढे गळून पडणं ही मेंदूची मूळची प्रतिक्रिया आहे. शिकावा लागतो तो ताबा. कपाळामागचा मेंदूचा एक भाग 'इथे माझ्या करण्याने फरक पडतो' हे हेरतो आणि खोलवरच्या त्या गळून पडण्याच्या यंत्रणेला आवर घालतो. म्हणून हातपाय गाळलेल्या माणसाला उपदेश करून भागत नाही. त्याला छोट्या, खरोखर यशस्वी होणाऱ्या कृतीचा अनुभव मिळावा लागतो.

एकाच गोष्टीचे दोन भाग: झोप

इथे बहुतेकांची चूक होते. 'ही गोष्ट माझ्या हातात आहे का?' असा प्रश्न विचारला जातो, आणि उत्तर हो किंवा नाही असं शोधलं जातं. खऱ्या आयुष्यातली जवळपास प्रत्येक गोष्ट मिसळीची असते. तिचे तुकडे पाडावे लागतात.

झोप घ्या. झोप लागणं हातात नाही, उलट प्रयत्न केला की ती पळते. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये लोकांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं आणि अस्वल पुन्हा पुन्हा येत राहिलं. 'आता झोपलंच पाहिजे' याचंही तसंच होतं. पण उठण्याची वेळ हातात आहे. दुपारनंतरचा चहा हातात आहे. अंथरुणात फोन न्यायचा की नाही, हेही. निद्रानाशावर वापरली जाणारी, रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडलेली पद्धत नेमकी या रेषेवर चालते. रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरलेल्या वेळी उठायचं, रविवारीसुद्धा. साधारण २० मिनिटं झोप लागली नाही तर अंथरूण सोडायचं, मंद उजेडात काहीतरी नीरस करायचं, डोळे जड झाले की परत यायचं. घड्याळ भिंतीकडे वळवून ठेवायचं, नाहीतर २० मिनिटं मोजण्याचंच नवं काम लागतं. कृतीच्या भागाला कंबर कसायची, झोप येण्याच्या भागाला सोडून द्यायचं. पहिल्या आठवड्यात झोप आणखी कमी झाल्यासारखी वाटते आणि तिथेच पुष्कळ लोक सोडून देतात. फरक जाणवायला दोन ते चार आठवडे द्यावे लागतात. फेफरं, बायपोलर किंवा रात्रपाळीत वाहन चालवण्याचं काम असेल तर हे डॉक्टरांना विचारूनच.

कागदावर कसं करायचं

एक कोरा कागद आडवा धरा. सध्या मनात घोळणाऱ्या पाचच गोष्टी डावीकडे लिहा, जास्त नकोत. प्रत्येकीपुढे तीन रकाने. पहिल्यात त्या गोष्टीतला असा तुकडा, ज्यावर येत्या सात दिवसांत तुम्ही स्वतः काही करू शकता, आणि तो क्रियापदात लिहा: 'फोन करणं', 'अर्ज भरणं', 'विचारणं'. 'लक्ष ठेवणं', 'काळजी घेणं', 'बघणं' ही क्रियापदं खोडा. त्यांच्या आड आवळणं लपतं. दुसऱ्या रकान्यात जो तुकडा तुमच्या हातात नाही तो. तिसऱ्यात, गेल्या आठवड्यात तुम्ही चारपैकी कुठली तऱ्हा वापरलीत ते, प्रामाणिकपणे.

समजा मुलीची दहावी आहे. तुमचा तुकडा: रात्री दहानंतर टीव्ही बंद, गणिताच्या शिकवणीबद्दल तिला विचारणं. तुमचा नसलेला तुकडा: टक्के. गेल्या आठवड्यातली तऱ्हा: दर तासाला दार उघडून बघणं. म्हणजे आवळणं.

आवळणं आणि कंबर कसणं यांत गल्लत होत असेल तर दोन गोष्टी तपासा. ते केल्यावर परिस्थितीत काही बदलतं का, की फक्त तुमची धडधड दहा मिनिटं थांबते? आणि पुढच्या वेळी तेच जास्त वेळा करावं लागतं का? पुन्हा पुन्हा तपासण्याने मिळणारा दिलासा हेच तपासण्याच्या सवयीचं खत असतं, म्हणून मात्रा वाढत जाते. तोडायचं तर एकदम बंद करू नका, तो प्रयत्न बहुधा लवकरच मोडतो. आठ वेळांचं सहा, मग चार, दर टप्प्याला चार-पाच दिवस. साखरेच्या बाबतीत किती वेळा तपासायचं हे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि तो आकडा मशीनच्या डबीवर चिकटवा. निर्णय एकदाच झाला की रोज वाटाघाट करावी लागत नाही.

सोडून देणं आणि हातपाय गाळणं यांतला फरक उरलेल्या ताकदीवरून कळतो. खरं सोडून दिल्यावर माणूस हलका होतो आणि दुसऱ्या कामाला लागतो. हातपाय गाळलेला तिथेच बसलेला असतो, विषय निघाला की चिडतो किंवा तो बदलतो. अशा वेळी पहिल्या रकान्यातलं काम हास्यास्पद वाटेल इतकं लहान करा: कर्जाचा सगळा हिशेब नको, बँकेचं एक पत्र उघडून तारखा लिहिणं, दहा मिनिटं.

दुसऱ्या रकान्यातल्या गोष्टी नुसतं 'सोड' म्हटल्याने सुटत नाहीत. त्यांना जागा द्यावी लागते. टॉम बोर्कोव्हेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये तपासलेली युक्ती साधी आहे: रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी ३० मिनिटं काळजी करायची. दिवसात इतर वेळी विचार आला तर त्याला 'संध्याकाळी सहाला' म्हणून पुढे ढकलायचं, हवं तर एका ओळीत टिपून ठेवायचं. जागा पलंग नको आणि वेळ झोपेच्या तोंडावर नको. सहा वाजता बघितलं की टिपलेल्या ओळींपैकी पुष्कळ फोल वाटतात, आणि हाच या युक्तीचा उपयोग.

देवावर भार

'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' ही म्हण आपल्याकडे आळशासाठी वापरतात, आणि त्यामुळे देवावर सोपवणारा प्रत्येक माणूस तसाच असं सुशिक्षितांना वाटतं. केनेथ पार्गामेंट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये तीन पद्धती वेगळ्या केल्या: देव वगळून स्वतःच सोडवणं, सगळं देवावर टाकून वाट बघणं, आणि देवाला भागीदार धरून आपला वाटा उचलणं. पहिल्या आणि तिसऱ्या पद्धतीच्या लोकांत काही करू शकण्याची जाणीव जास्त दिसली, दुसरीच्या लोकांत कमी. तेव्हा कुणी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी देवदर्शनाला गेलं तर घाईने निष्कर्ष काढू नये. तो माणूस तपासण्या करून, रक्ताची सोय करून मग गेला असेल तर त्याने दोन्ही निरोगी तऱ्हा वापरल्या आहेत.

मनाच्या बाहेरचा भाग

हे सगळं वैयक्तिक सवयीवर सोडून चालत नाही. लंडनमधल्या १०,३०८ सरकारी कर्मचाऱ्यांच्या दीर्घ अभ्यासात, कामावर स्वतःच्या निर्णयाला वाव नसलेल्यांना हृदयविकार जास्त झाला, असं १९९७ मध्ये प्रसिद्ध झालं. तिथे श्वासाचे व्यायाम शिकवण्याआधी कामाचा क्रम, सुट्टीची अदलाबदल, जेवणाची वेळ अशा बारीक गोष्टी कर्मचाऱ्याच्या हातात देणं जास्त परिणामकारक. तरी मनाचा वाटा उरतोच: मार्गी लाखमन आणि सुझन वीव्हर यांना १९९८ मध्ये दिसलं की कमी उत्पन्न असूनही आपल्या हातात काही आहे असं वाटणाऱ्यांचं आरोग्य आणि समाधान श्रीमंतांच्या जवळपास होतं. अडचण एवढीच की उत्पन्न कमी असलेल्यांत तसं वाटणारेच कमी होते.

आणि एका ठिकाणी स्वीकाराचा सल्ला पूर्ण चुकीचा. घरात कुणी तुमचा फोन तपासतो, पगार काढून घेतो, माहेरी जाऊ देत नाही, हात उगारतो, तिथे 'सोडून देणं' शिकवणं म्हणजे आवळणाऱ्याला मदत. अशा वेळी महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असेल, झोप-भूक गेली असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर कागदाचे रकाने बाजूला ठेवा आणि टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर बोला. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं.